डबा भरलेला परत आला

सर,

तुमचं नाव मी पेपरावरून काढलं. विभागप्रमुखांना तसं तोंडावर सांगूनही आले. कॉलेज तुमच्या स्मरणार्थ एक अंक काढतंय. त्यात माझा पेपर पहिला छापायचा आणि त्यावर पहिलं नाव तुमचं घालायचं, असा त्यांचा आग्रह. "मॅडम, गाइडचं नाव घालायची आपल्याकडे पद्धतच आहे. सर असते तर घातलंच असतं ना?" असते तर घातलं असतं, हे खरं. तुम्ही होतात तोवर माझ्या प्रत्येक पेपरावर तुमचं नाव होतं, ज्यांची एक ओळही तुम्ही वाचली नव्हती त्या पेपरांवरसुद्धा. पण या पेपरावर नाही. हा माझ्या प्रबंधातला तोच चॅप्टर आहे, सर, जो तुम्ही लाल पेनाने उभा-आडवा खोडला होता.

तुम्हाला तो दिवस आठवत नसणार. खोडणाऱ्याला कशाला आठवेल? मला तुमच्या टेबलावरची काच आठवते, काचेखालचं वेळापत्रक आठवतं. मी उभी आहे, तुम्ही बसलेले आहात. चॅप्टर साधा होता. हरसूलच्या पुढे आमच्यासारख्या ज्या पाड्यांवर रेंज येत नाही, तिथले निरोप एसटीत बसवलेल्या एका छोट्या पेटीने वायरलेसवरून गोळा करायचे, बस नाशिकला आली की ते पुढे नेटवर्कवर जातील, आणि पोचल्याची पावती दुसऱ्या दिवशीच्या फेरीने परत येईल. माझं म्हणणं एवढंच, की एक दिवस उशिरा आलेली ही पावतीसुद्धा पुढचा निरोप कसा पाठवायचा हे ठरवायला उपयोगी पडते.

"पावतीने चॅनलची क्षमता वाढत नाही. हे मी एम.ई.च्या पोरांना शिकवतो," तुम्ही म्हणालात.

"सर, ते चॅनलला कालची आठवण नसेल तर. इथं चॅनल म्हणजे रस्ता. घाटरस्ता आज बंद असला तर उद्याही बंद असण्याची शक्यता जास्त..."

"आणि पावती येणार दुसऱ्या दिवशी. शिळी! किती शिळी चालेल? आहे उत्तर?" तुम्ही पेनाचं टोपण काढलंत. "अगं, हरसूलची एसटी म्हणजे संशोधन नव्हे. या केबिनमध्ये येताना गाव बाहेर ठेवून यायचं."

मग लाल पेन. तुमच्यासारखी इन्फर्मेशन थिअरी शिकवणारा माणूस मला नंतर भेटला नाही, हेही इथंच लिहून टाकते, म्हणजे उपकार विसरली असं कोणी म्हणायला नको. कितीही गोंगाट असला तरी चॅनलच्या क्षमतेच्या मर्यादेत राहून पाठवलेला निरोप हवा तितका बिनचूक पोचवता येतो, हे तुम्ही फळ्यावर सिद्ध केलंत तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. म्हणूनच ते 'गाव बाहेर ठेव' जिव्हारी लागलं. गाव बाहेर ठेवायचं म्हणजे कुठं ठेवायचं, सर? माझं दुपारचं जेवणच गावाहून येत होतं.

हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. माझा डबा रोज सकाळच्या एसटीने यायचा. आई स्टँडवर कंडक्टर मामांच्या हातात द्यायची, मी सायकलवर नाशिकच्या सीबीएस स्टँडला जाऊन घ्यायची, आणि संध्याकाळच्या गाडीने रिकामा, धुतलेला परत पाठवायची. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, फोन तर लांबच राहिला. रिकामा डबा म्हणजे पोरगी जेवली, पोरगी बरी आहे. त्या दिवशी तुमच्या केबिनमधून आल्यावर घास उतरला नाही. तसाच डबा बंद करून पाठवून दिला. डोक्यात फक्त लाल रेघा होत्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आई कॉलेजात हजर. तुमच्या केबिनसमोर उभी, हातात लिंबं आणि तापाची गोळी. तुम्ही बाहेर आलात, कोण म्हणून विचारलंत.

"काल डबा भरलेला आला, साहेब. भाकर जशीच्या तशी. म्हटलं पोरगी आजारी हाय."

तुम्ही हसलात. "अहो मावशी, कालचा डबा पाहून आज आलात? एवढ्यात ती बरी झाली असती म्हणजे?"

"ताप काय एका दिसात उतरतो का? खबर कालची हाय, पन ताप आजबी असंल ना. आठ दिसांची खबर असती तं नसते आले."

"बरं बरं," म्हणालात, आणि शिपायाला मावशींना चहा द्यायला सांगून वर्गावर गेलात.

सर, माझा अख्खा पेपर तेवढाच आहे. रस्ता ज्या वेगाने बदलतो त्याच्या मानाने उशीर लहान असेल, तर शिळी पावती कामाची. उशीर वाढत गेला की तिचा उपयोग कमी कमी होत जातो. तो किती कमी होतो, हे सिद्ध करायला मला पंधरा वर्षं लागली. आणि तुम्ही आदल्या दिवशी स्वतः विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात येऊन उभं राहिलं, तर तुम्ही त्याला चहा पाजलात! विभागप्रमुख म्हणतात, नाव नसेल तर पेपर अंकात घेता येणार नाही. नका घेऊ. दुसरीकडे पाठवेन, तिथून परत आला तर तिसरीकडे. लेखक म्हणून माझं एकटीचं नाव राहील, आणि आभारात फक्त आईचं. तुमच्या नावाला माझ्या पेपराची गरज नाही, आणि माझ्या पेपरालाही तुमच्या नावाची नाही.

हे पत्र पोस्टात टाकायचा प्रश्नच नाही, म्हणून जे विभागप्रमुखांना सांगितलं नाही आणि आईलाही कधी सांगू शकले नाही, ते लिहिते. आई तुमच्याशी बोलत होती तेव्हा मी शेजारीच उभी होते. आजूबाजूची पोरं बघत होती. मी तिचा पदर ओढून "आई, हळू बोल गं, चल," असं पुटपुटत होते. तिचे शब्द कानांवर पडले, पण त्यातलं एक अक्षरही तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. तुम्ही निदान तिला प्रश्न तरी विचारलात.