बैलाचं पत्र

शीहे, ३ ऑगस्ट १९५७

ती. ताईस शुएलानचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र माझ्या हातचं आहे, अक्षर बघून हसू नकोस. हिवाळ्यापासून ल्यू बाईंच्या वर्गात जाते, पण डोक्यात काही राहत नव्हतं. शेवटी बाईंनी सातव्या महिन्याचा सणच फळ्यावर आणला. पहिल्या दिवशी गुराख्याचा बैल, मग विणकरीण, नदी, पूल. वर्षातून एकदा, सातवीला, त्या पुलावर भेटणारं ते जोडपं आम्हा बायकांना तोंडपाठ, त्यामुळे शब्द आपोआप बसले. काल सातवीला कुणाच्या हातात काय कसब ते बघायला रिवाजाप्रमाणे पाण्यात धान्याचे मोड सोडले, तर माझ्या मोडाची सावली लेखणीसारखी पडली. सगळ्या म्हणाल्या, आता ही लान्चौला पत्रं धाडून नवऱ्याचं डोकं खाणार.

दोन वर्षं यांचं पत्र नाही. आई गेल्याचं आता मीच कळवीन. आधीची तिन्ही पत्रं पेटीत आहेत. तू दरवर्षी सणाआधी येऊन वाचून दाखवायचीस, उत्तरही तूच लिहायचीस. त्यातलं बैलाचं मला फार आवडतं. आपल्या बैलाचा खूर बरा झाला का, असं यांनी विचारलं होतं. तेच आधी शोधणार आहे. बैल मला आता कुठेही ओळखू येतो.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तो वाढावा. ही शेवटची ओळ बाईंनी शिकवली.

तुझी शुएलान

त्यानश्वेई, १० ऑगस्ट

चि. शुएलान हिस अ. उ. आ.

तुझं अक्षर पाहून डोळे भरून आले. हे म्हणाले, माझ्यापेक्षा बरं आहे.

जुनी पत्रं कशाला उकरतेस? दमट पेटीत शाई उडालीही असेल. आईचं अंथरुणातलं सगळं तू केलंस. माझी दोन लहान मुलं, त्यात गिरणीची पाळी, मला कसं जमलं असतं तूच सांग. लान्चौला घाईने काही लिहू नकोस. मी रजा काढून येते, पेटी दोघी मिळून उघडू. एवढं माझं ऐक.

ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

शीहे, ६ सप्टेंबर

ताईस,

पेटी मी तुझं पत्र यायच्या आधीच उघडली होती. तिन्ही पत्रांत बैल कुठेच नाही. वाटलं, माझंच चुकतंय, म्हणून एकेक शब्द बाईंना विचारत वाचली. पहिल्यात आहे, खोली मिळाली, ये. दुसऱ्यात आहे, सातवीला नदीवरच्या लोखंडी पुलावर उभा राहीन, आईचीही सोय करतो. तिसऱ्यात आहे, मागच्या साली दिवसभर उभा होतो, तू येणार नाही असं लिहिलंस, आता पुन्हा विचारत नाही. नदी आणि पूल वाचताना मी अडखळले नाही.

कधी नेणार ते विचार, असं मी तुला दरवेळी लिहायला सांगत होते. आणि बैलाच्या खुराचं तुला मीच सांगितलं होतं.

यांना मी स्वतः लिहिलं. उत्तरात फारकतीचा कागद आला. तिथे आता दुसरी कुणी आहे. यांनी लिहिलंय, अंगठा चालेल. मला सही येते, मी सही केली.

आईचं मी केलंच असतं ताई. तू विचारायला हवं होतंस.

येऊ नकोस. खाली लोभाची ओळ नाही. ती मी विसरलेले नाही, बाईंनी चांगली घोटून घेतली आहे.

शुएलान