वहिनींचा पेपर

१४ जुलै, सोमवार

कॉलेजचा दुसरा आठवडा. डबे केले, लेकीला, तनूला तीनदा हाक मारली, सासूबाईंचा चहा झाकून ठेवला आणि सातच्या तासाला पोचले तेव्हा ओढणीला हळद. सगळी पोरं एकोणीस-वीसची. मी मधल्या बाकावर बसते. पुढे बसले तर हुशार वाटेन, मागे बसले तर झोपेन.

आज अर्थशास्त्राला नवीन सर येणार होते. आले तर आमचा महेश. ह्यांचा चुलत भाऊ, माझा दीर. अ‍ॅडमिशनच्या वेळी म्हणाला होता, "वहिनी, मला पहिलं वर्ष नसतं, काळजी नको." टाइमटेबल बदललं म्हणे. वर्ग उभा राहिला तशी मीही राहिले. तर हा म्हणतो, "अहो वहिनी, तुम्ही कशाला उठता, बसा."

झालं. अख्खा वर्ग हसला. त्याचे कान लाल, माझं तोंड लाल. पुढचा तास काय शिकवलं देव जाणे.

साडेदहाला सुटलं. कशेळीचा रस्ता जाम. कामावर, गोदामात साडेअकराला हजेरी, साहेबांचं तोंड वाकडं.

१७ जुलै, गुरुवार

आता सगळं कॉलेज मला वहिनी म्हणतं. कँटीनवालासुद्धा. शेजारी बसते ती सुमैया, तिच्या घरचे कापडाचे लूम, मराठी आपल्यासारखंच बोलते, रागावली की हिंदी. ती पण, "वहिनी, एक्स्ट्रा पेन आहे का?" मी म्हटलं, मला नाव आहे. म्हणाली, "असू दे ना. वहिनी भारी वाटतं."

महेशला काय हाक मारायची तेच कळत नाही. घरी तू. अकरावी-बारावीला अंबाडीकडच्या गावाहून येऊन दोन वर्षं आमच्याकडे राहिला, माझ्या हातचं जेवला. आज वर्गात तोंडातून निघालं, "सर, तू जरा फळ्यावरचं..." पुढचं गिळलं.

२५ जुलै, शुक्रवार

महेशने आज ओळीने प्रश्न विचारले. माझ्या अलीकडच्या मुलाला विचारलं, मग पलीकडच्या सुमैयाला. मधे मी काय भिंत आहे? उत्तर येत नव्हतं हे खरं. पण विचारलंच नाही याचा राग आला. विचारलं असतं तर घाम फुटला असता. मला नक्की हवंय काय?

ह्यांनीही जेवताना तेच विचारलं. "नक्की कशासाठी करतेयस हे?" मी म्हटलं, गोदामात सुपरवायझरची जागा निघणार आहे, ग्रॅज्युएट लागतो. ते खरं आहे. पण सगळं तेवढंच नाही. उरलेलं काय आहे ते मलाच...

१२ ऑगस्ट, मंगळवार

वीस मार्कांची चाचणी. पहिला प्रश्न बरा. दुसरा अंदाजपंचे. तिसऱ्याचा नंबर लिहिला आणि डोळा लागला. काल गोदामात परत आलेल्या मालाचे ढीग, घरी यायला उशीर. सुमैयाने कोपर मारलं तेव्हा घंटा होत होती. तिसरा कोराच दिला.

२० ऑगस्ट, बुधवार

अठरा. वर्गात पहिली.

महेशने पेपर घडी घालून हातात दिला आणि वर बघितलंच नाही. सुमैयाला तेरा. तिने पुरवण्या जोडल्या होत्या. पेपर मिटून बॅगेत टाकला. मग, "वहिनी, तुमने तीसरा सवाल लिखा था?"

"नाही."

"अच्छा."

एवढंच. थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

घरी सांगायचं नव्हतं, तनूने दप्तरातून पेपर काढला. ती नाचायला लागली. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. "आपला महेश हाय ना. खाल्ल्या मिठाला जागला पोरगा."

म्हणजे त्यांना कळलं. मला वाटलं होतं निदान त्या तरी म्हणतील, सून हुशार हाय. साखर मी पण खाल्ली.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपतीला गावी, महेशच्या घरी. बायका मोदक वळताना सासूबाईंनी जाहीर केलं, "आमच्या सूनबाईला कसली काळजी न्हाय. घरचाच मास्तर हाय." सगळ्या हसल्या. मोदकाची कळी माझ्या हातात फाटली.

हे म्हणाले, "मार्क घरचेच आहेत तर रोज सातला धावतेस कशाला? परीक्षेपुरती जा. तनूची दहावी आहे, आईला सकाळचं उरकत नाही." वाईट मनाने नाही म्हणाले. तीच पंचाईत. भांडायला काही हाताशी लागत नाही. तनूची दहावी आहेच. सासूबाईंचे गुडघे आहेतच.

मागच्या पडवीत महेशला गाठलं. म्हटलं, तिसरा प्रश्न कोरा होता.

"वहिनी, जाऊ द्या ना."

"कसं जाऊ देऊ? तुझ्या अठरामुळे घरचे म्हणतात, आता तासाला जाऊ नको."

"दोन वर्षं पहाटे उठून मला डबा दिलात तुम्ही. तुमच्या पेपरला मी लाल पेन लावू?"

"लाव."

तो चप्पल शोधायला लागला. मी म्हटलं, जेवढं येतं तेवढेच दे, एक जास्त नको. त्याने मान हलवली. मग आरतीला बोलावलं.

मोठ्या तोंडाने बोलून तर आले. आता अभ्यास कोण करणार?

९ सप्टेंबर, मंगळवार

दुसरी चाचणी. काल अर्धी रजा टाकली. तनू आणि मी एकाच टेबलावर, ती भूमितीत, मी मागणी-पुरवठ्यात. "मम्मी, तू पुटपुटू नको" म्हणाली, जागा बदलून बसली.

आज सगळं लिहिलं. एक पुरवणी पण. बरोबर लिहिलं का ते माहीत नाही, पण सगळं माझंच. बाहेर आल्यावर वडापाव घेतला आणि उभ्या उभ्या खाल्ला. बरं वाटलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सहा.

वीसपैकी सहा. कोरा ठेवला तेव्हा अठरा, भरून दिला तर सहा.

बाथरूममध्ये जाऊन रडले. मीच सांगितलं होतं ना, येतं तेवढेच दे? मग रडायला काय झालं? आणि खरं सांगू, मनात आलं ते हे, की मेल्या, घरचा असून सहा? दोन वर्षं पोळ्या लाटल्या त्याच्या. हे मनात आलं म्हणून परत रडले. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

गोदामात तीन पावत्या चुकीच्या खात्यात टाकल्या.

घरी सासूबाई भडकल्या. "सहा? वहिनीला सहा? सख्खा असता तर दिले असते का?" महेशच्या आईला फोन लावला आणि ती हॅलो म्हणाली तशी ठेवून दिला. उद्यापासून बोलणं बंद म्हणे. दोन घरांत आता माझ्या मार्कांवरून अबोला.

हे शांतपणे म्हणाले, "मग आता? उगाच त्रास करून घेतेस. जमत नसेल तर सोड की."

अठरा मिळाले तर जायची गरज नाही, सहा मिळाले तर जाऊन उपयोग नाही. मग किती मिळाले म्हणजे जायचं, ते एकदा सांगून टाका म्हटलं. ते टीव्हीकडे बघत राहिले.

२० सप्टेंबर, शनिवार

सुमैयाने पेपर मागून घेतला. कँटीनमध्ये चहा गार होईपर्यंत वाचला. मधेच "हे भारी लिहिलंय", मधेच कपाळाला आठी.

"मी असते तर अकरा दिले असते. सहाचा नाही हा. अठराचा पण नाही."

अठरा, सहा, अकरा. मला नक्की किती येतं?

मग तिने पानं उलटी-सुलटी केली. "वहिनी, एक बात बोलूं? अंदर एक भी निशान नहीं है. चुकलं तिथे खूण नाही, बरोबर तिथे पण नाही. वर फक्त सहा. माझ्या पेपरात बघा, सगळं लालेलाल."

पहिला पेपर पण दप्तरातच होता. काढून बघितला. तोही तसाच, वर अठरा आणि आत काही नाही. मी त्याचं काय करायचं ते न कळून परत दप्तरात टाकला.

२४ सप्टेंबर, बुधवार

सोमवारपासून गेले नाही. सासूबाईंना आयता चहा मिळतो, त्या खूश. ह्यांना गरम पोळी. तनू म्हणाली, "मम्मी, तू घरी असलीस की जास्त ओरडतेस."

गोदामात साडेदहालाच पोचते. साहेब म्हणाले, वा, सुधारलात. कॉलेज सोडलं की नाही ते मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सुमैयाचा मेसेज आहे, नोट्स पाठवू का. उत्तर दिलेलं नाही.

रागाने बसलेय की दमून, की खरंच जमत नाही म्हणून? मेथी निवडताना हाच विचार. अर्धी जुडी कचऱ्यात गेली.

२८ सप्टेंबर, रविवार

महेश आला. न सांगता, दुपारचा. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या असा आपटला की पाणी सांडलं. "या मास्तर."

तो खुर्चीच्या टोकावर बसला. "वहिनी, आठवडाभर दिसला नाहीत."

मी दोन्ही पेपर आणून त्याच्या मांडीवर ठेवले. म्हटलं, "महेश, खरं सांग. मला येतं का?"

त्याने वरचा पेपर उघडला, परत मिटला.

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"वाचलेच नाहीत मी, वहिनी. दोन्ही नाहीत." मग खाली बघूनच बोलला. बारावीला त्याच्या वह्यांना कव्हर घालून वर नाव मी लिहायचे. पेपर हातात घेतला की तेच अक्षर समोर येतं म्हणे, पुढे वाचवत नाही. "पहिल्यांदा अठरा टाकले. मग तुम्ही चिडलात, म्हणून कमी टाकले. किती कमी ते पण कळेना. सहा टाकले."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात. "म्हंजे सहाबी खोटे?"

"हो काकू."

"आन् अठराबी?"

"हो."

त्या खालीच बसल्या.

मला इतका राग आला. मी रजा टाकली, रात्रंदिवस तेच तेच घोकलं, बाथरूममध्ये रडले, आणि ह्याने वाचलंच नाही. आणि त्याच वेळी, कसं सांगू, जरा बरं पण वाटलं. सहा माझे नव्हते. पण मग अकराही माझे आहेत का?

म्हटलं, "आता वाच. इथेच. मोठ्याने."

"वहिनी, इथे?"

"सर, इथेच."

ह्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. तनू आतून आली. महेशने घसा साफ केला आणि वाचायला लागला. पहिला परिच्छेद गेला. माझंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना अंग चोरून बसले होते.

"घरी पाहुणे आले म्हणून आम्ही एक किलोऐवजी तीन किलो कांदे घेतले. हा मागणीचा विस्तार होय."

तो थांबला. ओळ परत मनात वाचली. ह्यांच्याकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वहिनी, हे चुकलंय."

"कुठे?"

"कांद्याचा भाव बदलला का?"

"नाही. पाहुणे आले."

"मग हा विस्तार नाही. भाव उतरला म्हणून जास्त घेतले असते तर विस्तार. इथे भाव तोच आहे, कारण दुसरं आहे. याला वृद्धी म्हणतात."

"तीन किलो घेतले ते घेतलेच ना? पिशवी तेवढीच जड."

"घेतले. पण कशामुळे घेतले, तोच तर प्रश्न आहे."

"आरं, पाव्हणे आल्यावर कांदे लागणारच," सासूबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच माझ्या बाजूने.

मी भांडत राहिले. तो पण भांडला. आवाज चढला त्याचा, वर्गात सुमैयावर चढतो तसा. मग तनूकडून लाल पेन मागून घेतलं. टोक कागदाला लावून थोडा थांबला आणि त्या वाक्याखाली रेघ मारली. जरा वाकडी गेली.

अजून अडीच पानं बाकी होती. सहापेक्षा कमीही होतील म्हणाला. उद्या सातला जायचं का, यावर हे काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. चहा ठेवायला उठले होते, ती परत बसले. म्हटलं, पुढे वाच.