तळव्यातला दाणा

३ मार्च, सोमवार

लागली एकदाची नोकरी. चार वर्षं फिजिओथेरपी शिकले, हाडं-स्नायू-नसा तोंडपाठ केल्या, आणि आता मी लोकांचे पाय चेपणार. सकाळी जिना चढताना माझं मलाच हसू येत होतं. आधीच्या हॉस्पिटलातून मला काढलं, कारण मोठ्या डॉक्टरांना मी सगळ्यांदेखत मूर्ख म्हटलं. ते मूर्खच होते. ते जाऊ दे, आज मी खुशीत आहे.

जागा छान आहे. औषधाच्या दुकानावर तीन खोल्या, जाड पडदे, मंद दिवे, मऊ आरामखुर्च्या. झऱ्याचा आवाज सतत चालू असतो, तो रेकॉर्ड केलेला, आणि त्यात मधेच एक कार खोकल्यासारखी सुरू होते. इतक्या वर्षांत ती कुणाला ऐकू आली नाही म्हणे. मालकीणबाई प्रत्येक शब्द उशीवर ठेवल्यासारखा बोलतात. मी मनातल्या मनात त्यांचं नाव शांताबाई ठेवलं आहे.

भिंतीवर तळपायांचा मोठा नकाशा आहे. अंगठ्यात मेंदू, टाचेत कंबर, मधे यकृत, मूत्रपिंडं, आतडी, सगळं रंगवलेलं. माणसाचं अख्खं शरीर बुटात मावतं, हे शिकवायचं आमच्या कॉलेजात राहूनच गेलं. डाव्या तळव्याच्या खोलगट भागात मात्र बोटाएवढी जागा कोरी आहे. इथे काय, असं मी विचारलं. नकाशा असाच आला, त्या म्हणाल्या. छापणाऱ्याची शाई संपली असणार.

नियम एकच. हात हलका ठेवायचा, अंगठा अळीसारखा पुढे सरकवायचा, जोर लावायचा नाही. का, ते शांताबाईंनाही माहीत नाही. त्यांना शिकवणारीने सांगितलं, त्यांनी मान डोलावली.

राहायला धाकट्या बहिणीकडे आहे. मेहुणे जहाजावर असतात, वर्षातले सहा महिने पाण्यात. तिचा गुंडू नुकताच रांगायला लागला आहे आणि दिसेल ते तोंडात घालतो. धाकटी त्याच्यामागे सावलीसारखी. तो झोपला की श्वास चालू आहे ना हे बघायला दर पाच मिनिटांनी उठते. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. माझी बहीण नसती तर हिलाही मी दोन शब्द सुनावले असते.

७ मार्च, शुक्रवार

आठवडाभर पाय बघते आहे. लोक इतक्या फालतू गोष्टींनी झुरतात आणि वर त्याला ताण म्हणतात. मास्तरीणबाई येतात, त्यांना म्हातारी आई घरी एकटी असल्याचा घोर. खुर्चीत बसल्याबसल्या दोनदा फोन करून आईला विचारतात, जेवलीस का, दार लावलंस का. बसवाले काका येतात, त्यांना स्टेअरिंग हातात घेतलं की कुणीतरी चाकाखाली येईल अशी धास्ती. पंचवीस वर्षांत एक सायकलसुद्धा आडवी केली नाही, तरी रात्री झोप नाही. एक साहेब आहेत, त्यांना साहेब असण्याचाच ताण.

मी अंगठा सरकवते, ते डोळे मिटतात, कार खोकते. तासाभराने उठून हलकं वाटतंय म्हणतात. तासभर गप्प बसवलं तर कोणालाही हलकं वाटेल.

११ मार्च, मंगळवार

आज न राहवून नियम मोडला. मास्तरीणबाई आईबद्दल बोलायच्या थांबेनात. म्हटलं, बघू या तरी हलक्या हाताचं एवढं काय सोवळं आहे ते. दोन्ही अंगठे डाव्या तळव्यात खोल रुतवले, स्नायूची गाठ सोडवतात तसे. नेमके त्या कोऱ्या जागी.

आत दाणा लागला. मोहरीएवढा, कडक, बोटाखालून निसटणारा. असल्या जागी असं काही नसतं, हे मी शपथेवर सांगेन. मी तो हाडाशी धरून दाबला आणि तो फुटला. आवाज नाही, फक्त अंगठ्याला कळलं.

मास्तरीणबाईंनी एवढा लांब श्वास सोडला की मला वाटलं, गेल्या. पण उठल्या, हसल्या, चपला घालून निघून गेल्या. फोन केला नाही.

१३ मार्च, गुरुवार

सगळ्यांना असतो. एकेकच, डाव्या पायात. साहेबांचा मोठा निघाला. बसवाल्या काकांचा तर हरभऱ्याएवढा, फोडताना माझ्या मनगटाला रग लागली. उठल्यावर काका म्हणाले, अंगावरून पोतं उतरल्यासारखं वाटतंय. सगळेच असं काहीबाही म्हणतात. शांताबाई खूश, बाहेर बाकावर बसायला जागा नाही. थोतांड होतं ते होतं, पण मी हात लावल्यावर त्याला अर्थ आला. एवढं श्रेय तर मी स्वतःला देऊ शकते.

घरी धाकटी रडकुंडीला आली होती. गुंडूला थोडा ताप, तर हिने दिवसभर पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. तिला पलंगावर बसवलं आणि डावा पाय मांडीवर घेतला. तिचा दाणा आतापर्यंतचा सगळ्यात टणक होता.

ती ढाराढूर झोपली. बिचारीला कित्येक महिन्यांनी अशी झोप लागली.

१८ मार्च, मंगळवार

शांताबाईंनी आपलाही फोडून घेतला. आता त्या गल्ल्याला कुलूप लावत नाहीत, आलेल्यांना नावं विचारत नाहीत. काल दिवसभर झऱ्याचा आवाज बंद होता आणि त्यांना पत्ता नाही. मी दोनदा टोकलं. त्या गोड हसल्या. हसणं इतकं मोकळं की राग यायचा तोही धड येईना.

धाकटी मजेत आहे. गुणगुणते, केस विंचरते. गुंडूचा ताप उतरला. उतरला का म्हणून तिने विचारलं नाही, हे माझ्या आज लक्षात आलं.

२१ मार्च, शुक्रवार

मास्तरीणबाईंची शेजारीण वर आली होती, तावातावाने. मास्तरीणबाईंच्या आई न्हाणीघरात पडल्या, पाय मोडला. हाका मारून मारून घसा बसला. मास्तरीणबाई घरातच होत्या. बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, ऐकू येत होतं की.

शेजारणीला मी सांगितलं, आमचा काय संबंध, आम्ही पाय चेपतो. तिने नाक मुरडलं आणि गेली. चौकशा करायची हौस असते काही बायकांना.

तरी दुपारचे सगळे पाय मी हलक्या हाताने केले.

२४ मार्च, सोमवार

बसवाले काका आले होते. खुर्चीत बसले, मोजे काढले आणि सांगायला लागले. शनिवारी शाळा सुटायच्या वेळी एक पोरगी बससमोर आली. दिसली. लांबूनच दिसली. ब्रेकवर पाय होता. पण पाय दाबावा असं काही वाटलं नाही, म्हणाले. धास्ती गेली ती गेलीच, तुझे उपकार आहेत पोरी. चौकशी होईपर्यंत सुट्टी दिली आहे, म्हणून सकाळीच आले.

त्यांनी पाय पुढे केला. मी उठले आणि जिना उतरले. चपला तिथेच राहिल्या.

घरी आले तर गुंडू स्वयंपाकघरात फडताळाला धरून उभा, हात वर. वर गॅसच्या कडेला उकळतं दूध. भांड्याचा दांडा बाहेर आलेला. धाकटी खुर्चीत बसून बघत होती. त्याच्याकडेच बघत होती. मी झेप घेऊन उचलला. ती म्हणाली, ताई, केवढी दचकलीस.

त्या दाण्यात काय होतं ते आता मला कळलं आहे. मला कळायला एका पोरीचा जीव जावा लागला. मोठ्या डॉक्टरांना मी मूर्ख म्हटलं होतं.

२५ मार्च, मंगळवार

कामावर जाणार नाही. गुंडूला मी कमरेवरून खाली ठेवत नाही. मेहुण्यांच्या कंपनीत फोन केला, जहाज पुढच्या बंदराला लागेपर्यंत निरोप मिळणार नाही. म्हणजे शनिवारपर्यंत. गुंडूला घेऊन कुठे जाऊ — त्याची आई जिवंत, हसतीखेळती, पोलीस माझंच मनगट धरतील.

तिचा तळवा पुन्हा दाबून बघितला. मऊ. काही नाही. पुन्हा येत नाही तो.

तिने मायेने विचारलं, तुझा कधी फोडायचा.

‘मायेने’ असं मी लिहिलं. ती माया नव्हे.

२६ मार्च, बुधवार

अंघोळीला गेले, तेवढ्यात तिने गुंडूला मांडीवर घेतलं होतं. डावा पाय हातात. अंगठा तळव्यात. मी गुंडूला ओढून घेतलं. ती शांतपणे म्हणाली, याचा दाणा अजून धरलेला नाही, कोणावर तरी जीव जडला की धरेल.

बूट घातलेत मी. घरात. दुहेरी गाठ मारून. झोपतानाही —

झोपत नाही.

२७ मार्च, गुरुवार

शांताबाई आल्या, साहेब, मास्तरीणबाई. बोलावलं कुणी? बैठकीत बसलेत. कुणी काही मागत नाही. माझ्या बुटांकडे बघतात आणि हसतात. यांच्या क्षुल्लक काळज्यांना मी हसत होते — तेवढ्यावरच तर ही माणसं माणसं होती —

कडी लावली आहे. गुंडू मांडीवर. दोन दिवस काढायचे. फक्त दोन. डोळे मिटता कामा नयेत. एकदा मिटले. दचकून बघितलं. बूट आहेत. गाठ आहे. एकच गाठ.

दुहेरी मारली होती मी —

२८ मार्च, शुक्रवार

छान झोप लागली. दुपार झालेली दिसते.

खोलीची कडी काढलेली, मीच काढली असेन. डाव्या पायात बूट नाही. दुखलं अजिबात नाही. धाकटी म्हणाली, ताई, तुझा केवढा होता ग. मंडळी गेली. जाताना बाहेरचं दार लोटायचं राहिलं त्यांच्याकडून, इथून खाली उतरणारा जिना दिसतो.

गुंडू मांडीवरून उतरला आहे. रांगत दाराकडे चालला आहे. भरभर रांगतो आता. उंबऱ्याशी थांबून त्याने वळून माझ्याकडे बघितलं. हाक मारायला हवी, हे मला नीट कळतं. मारते. एवढं वाक्य पुरं करते आणि