थांबले म्हणजे हो नव्हे

आई, आज तुझा खूप राग आलाय, म्हणून लिहायला बसले. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसला राग, असं कुणीही म्हणेल. म्हणू दे. ऑफिसातल्या माणसांवर काढता येत नाही, आणि तू काही उलटून बोलणार नाहीस. आयुष्यात पहिल्यांदाच.

माझं काम तुला कधी नीट सांगता आलं नाही. मी सुरुवात केली की तूच शेजारणींना सांगून मोकळी व्हायचीस, "पोरगी कॉम्प्युटर रिपेर करते." तर ऐक. आमची कंपनी स्क्रीनवरचे तयार सुटे भाग बनवते. बटणं, याद्या, लिहायच्या चौकटी. ते घेऊन दुसरे लोक आपापली ॲप बांधतात. त्यातली लिहायची चौकट माझ्याकडे आहे. मी लागले तेव्हा ती अगदी साधी होती, टाइप कराल ते दाखवायची. मग दोन अक्षरं टाकली की खाली शब्दांची यादी उघडायला लागली. पुढे तुमच्या अक्षरांना लागूनच उरलेला शब्द करड्या रंगात दिसायला लागला. हवा असेल तर बटण दाबून घ्या, नको असेल तर आपलं आपण लिहा. इथपर्यंत मी सगळं हौसेनं केलं. आता नव्या आवृत्तीत आमच्या सरांना ते बटणही नकोय. माणूस जरा थांबला की करडा शब्द आपोआप काळा होऊन चौकटीत बसणार. थांबला म्हणजे त्याला तोच शब्द हवा होता, असं धरून चालायचं.

सर हे सांगत होते आणि मला आपलं घणसोली गावातलं स्वयंपाकघर दिसत होतं. तू विळीवर बोंबील कापते आहेस, वरच्या खोलीतली भाडेकरीण दारात उभी आहे आणि मला विचारते आहे, शाळा कशी चाललीय. मी पहिल्याच अक्षरावर अडकते, नेहमीसारखी. माझे ओठ हलायच्या आत तू हात न थांबवता उत्तर देतेस. चांगली चाललीय, गणित जड जातं, सहलीला जायचं नाही म्हणते. मला सहलीला जायचं असतं. पण तुझं सांगून झालेलं असतं आणि भाडेकरीण पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला लागलेली असते. तू हे मायेनं करायचीस, लोकांनी हसू नये म्हणून. ते मला कळत होतं, म्हणून तर नीट चिडताही आलं नाही कधी.

आणि ती कॉलेजची खिडकी. आतल्या बाईंनी विचारलं, कुठली शाखा? मला आर्ट्सला जायचं होतं, पुढे वकिली करायची होती. मी 'आ'वर अडकले. मागे रांग चुळबुळायला लागली. तू मला कोपरानं बाजूला केलंस आणि खिडकीत डोकं घालून म्हणालीस, "तिला सायन्सच पायजे. तिथं जास्ती बोलाचा काम नाय." बाईंनी लिहून घेतलं. मी गप्प राहिले, आणि माझं गप्प राहणं म्हणजे होकार असं सगळ्यांनी धरलं. येताना तू मला उसाचा रस पाजलास, स्वतः नाही घेतलास. तो रसही मी गप्पच प्यायले.

मागच्या मीटिंगमध्ये सांगायचा प्रयत्न केला. दवाखान्याच्या काउंटरवरची मुलगी 'पा' टाइप करते आणि मान वळवून पेशंटला विचारते, पाय की पाठ? ती विचारत असतानाच चौकट 'पाठदुखी' लिहून मोकळी. मुलीचं लक्षही जाणार नाही. एवढं बोलायला मी उठले, "हे लोकांना" म्हटलं आणि अडकले. सर भला माणूस. त्यांनी मला सोडवलं, "आवडेल, हो ना? झालं तर मग, डन." सगळे पुढच्या विषयावर गेले. नंतर मी लांबलचक ईमेल लिहिला, तर उत्तर आलं की मीटिंगमध्ये तुमचा होकार होता. शिवाय ज्यांना वापरून बघायला दिलं ते सगळे म्हणाले, आम्हाला हाच शब्द लिहायचा होता. म्हणणारच. समोर आयता शब्द आला की आपला कुठला होता ते आठवतं कुणाला? मला तरी कुठे आठवतं? आता कुणी विचारलं, वकील झाली असतीस का, तर मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. याचाच जास्त राग येतो, आई.

आज शेवटची मीटिंग होती. मी उभी राहिले, अडकले, सरांनी तोंड उघडलं, तसा मी हात वर केला. म्हटलं, "थां, थांबा सर. माझं वाक्य मला पुरं करू द्या." सगळे थांबले. माझं वाक्य मी पुरं केलं, काउंटर, पाय, पाठ, सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, टिपूनही घेतलं. मग ठरलं की आवृत्ती आहे तशीच जाईल, मात्र सेटिंगमध्ये आत कुठेतरी ती सोय बंद करायचं बटण ठेवू. ते बटण कुणाला सापडायचं नाही. तेही मलाच बनवायचंय.

हे पत्र कुणाला पाठवायचं नाहीये, म्हणून एक सांगून टाकते. मी हात वर केला आणि शब्द येईना, तेव्हा ती सगळी माणसं खरंच गप्प बसून माझी वाट बघत होती. जन्मभर मला हेच हवं होतं. आणि तेवढ्या वेळात, आई, मला एकच वाटत होतं, की तू कोपरानं मला बाजूला करावंस आणि बोलून टाकावंस.