केतकीच्या टाकीतलं पाणी

सुदामा नगर, मंगळवार, संध्याकाळ

नाही गं बाई, मी नाही प्यायले तुझं पाणी! असंच सांगितलं सूनबाईला, केतकीला. ती दुपारपासून लॅपटॉपपुढे डोकं धरून बसलेली. स्क्रीनवर एक टाकी, खाली निळं पाणी, वर हवा. टाकी हलवली की दोन्ही सोबत कशी उसळतात, ते बघायचं म्हणे. पण टाकी चारी बाजूंनी बंद, तरी निळं पाणी कमी कमी होत जातं. अरे, पण जातं कुठे? मी गावच्या शाळेतली, मला काय कळणार! म्हटलं, "आपल्या नर्मदेच्या नळासारखंच झालं, टाकी भरली म्हणता म्हणता रिकामी!" हसली, पण चिडलेलीच. उद्या पुण्याच्या कंपनीला हेच दाखवायचंय. नोकरी लागली की ती माझ्या मुलाजवळ, पुण्याला.

मग एकदम म्हणाली, "आई, कंप्यूटर वेळ मोजताना फार लांब ढांगा टाकतोय. मधल्यामधे हिशोब चुकतो, अन् पाणी गायब." तिनं त्याची पावलं बारीक केली. मशीन बैलगाडीसारखी चालायला लागली. मी पण खुर्ची ओढून बसले, सोडवेचना. निळं पाणी हललं, उसळलं, भिंतीवर चढलं, आणि होतं तेवढंच राहिलं! क्या बात है.

"आई, झालं!" गळ्यातच पडली माझ्या. मी म्हटलं, "चल, आता सराफ्यातल्या खाऊगल्लीत जलेबी खिलव."

तिला नाही सांगितलं, इथे लिहिते. दिवसभर मनात हेच होतं, की हे बिघडलेलंच राहू दे. मला ती जायला नकोय.