पुकारा चालू असताना

१८ नोव्हेंबर
दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. तू बरा असशीलच. बराकीत डॉक्टर असतो, दूध असतं आणि वरून हुकूम येत असतो, त्यामुळे माणसाला स्वतःच्या डोक्याची फारशी गरज पडत नाही.

इकडे सगळे ठीक. आईच्या डोळ्याची पट्टी निघाली. नीट दिसायला लागल्यावर पहिली तक्रार तिने माझ्या दाढीची केली. वहिनीने कळवलंय की तुझ्या चिरंजीवांचा पुढचा दात पडला. बाबांना दाखवणार म्हणून तो दात मुठीत घेऊनच झोपतो, कुणाला हात लावू देत नाही. झाली खुशाली.

टपालाने पाठवलं असतं तर हे पत्र तुझ्याआधी तुझ्या तुकडीप्रमुखाने वाचलं असतं. म्हणून तुमचे कपडे धुणाऱ्या परटाच्या हाती देतोय. इस्त्रीच्या शर्टात सापडेल. संध्याकाळच्या आत पोचवतो म्हणाला. पोचायलाच हवं, कारण उद्या सकाळी तुमची तुकडी पुन्हा आमच्या गल्लीत येणार, हे आता गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक आहे.

पुन्हा म्हणालो. त्याचं नंतर लिहितो.

आधी भट्टीचं सांगतो. तुला माहीतच आहे, मी पावाच्या भट्टीवर काम करतो आणि तिच्याच वरच्या खोलीत राहतो. ऐन थंडीतसुद्धा या खोलीची फरशी ऊबदार असायची, मी अनवाणी फिरायचो. आज दोन मोजे घालून लिहितोय. भट्टी मेली, दादा. तुमच्या लोकांनी मारली.

झालं असं. गादीवरच्या थोरल्यांना नवी पदवी मिळाली. कुणी दिली विचारू नकोस, त्यांची त्यांनीच घेतली असणार. आता रोजच्या पुकाऱ्यात ‘सरहद्दीचे राखणदार, नद्यांचे स्वामी, विद्येचे आश्रयदाते’ यांच्यामागे ‘भुकेल्यांचे मायबाप’ आलं. खांबांवरच्या कर्ण्यांतून ही सगळी शेपटी वाचून होईपर्यंत जो जिथे असेल त्याने तिथेच ताठ उभं राहायचं. पूर्वी वेळ ठरलेली होती, तेव्हा उस्ताद, म्हणजे आमचे मालक, पुकारा आटोपल्यावरच पाव भट्टीत घालायचे. पण लोक वेळ साधून घरात दडतात असं थोरल्यांच्या कानावर गेलं, आणि तेव्हापासून भोंगा सकाळी कधीही वाजतो. पाव आत असताना वाजला की आम्ही हात बांधून उभे आणि समोर पाव काळे पडतायत. उस्ताद ओठ न हलवता पुटपुटायचे, “आणखी एक पदवी घेऊ दे याला, मी कोळशाचं दुकान टाकतो.” हसू दाबताना माझी छाती दुखायची.

गेल्या आठवड्यात भोंगा वाजला तेव्हा सगळ्यात मोठा घाणा आत होता. बाहेर बायकांची रांग. आदल्या दिवशीचा घाणा जळाला होता, म्हणून रांग दुप्पट. कर्णा ‘नद्यांचे स्वामी’पर्यंत पोचला आणि उस्तादांनी लांब दांड्याचं फावडं उचललं. एकेक पाव बाहेर काढला. घाई नाही, गडबड नाही. मी उभाच होतो. माझे पाय हलले नाहीत, दादा, आणि मी स्वतःला तापट समजतो!

कुणीतरी जाऊन सांगितलंच. अधिकारी आला, म्हणाला, “पुकारा चालू असताना हललास का?”

उस्ताद म्हणाले, “मी कुठे हललो साहेब? पाव हलले.”

रांगेतल्या बायका फस्सकन हसल्या. त्या हसण्याची किंमत उस्तादांच्या जबड्याने भरली. त्यांना गाडीत कोंबलं, फावडं पुरावा म्हणून नेलं, आणि जाताना तापलेल्या भट्टीत पाण्याची पिंपं ओतली. आत विटा तडकायला लागल्या. हाडं मोडल्यासारखा आवाज होता तो. उस्तादांच्या वडिलांनी पेटवलेली ती भट्टी त्यानंतर एकदाही पुरती विझली नव्हती. भुकेल्यांचे मायबाप!

आता तू म्हणशील, याचं डोकं फिरलंय. फिरलंयच. पण तुला गच्चीवरचं बोलणं आठवतं का? गेल्या रजेत तू दोरीवरचे कपडे काढत होतास आणि मी थोरल्यांना शिव्या घालत होतो. तू म्हणालास, “वाईट असतील. पण हा एक थोरला गेला की गल्लोगल्ली एकेक थोरला उभा राहील. मग रड. आणि पुरे झालं हे ठरवणार कोण? तू? तुला साधं कॉलेज पुरं करता आलं नाही.” तुझं म्हणणं वजनदार होतं म्हणूनच मी रात्रभर चरफडलो. आजही ते हलकं झालेलं नाही. उत्तर माझ्याकडे नव्हतंच. ते तिने दिलं.

ती म्हणजे हरकत. तू जिला न भेटताच ‘तुझी वकीलबाई’ म्हणून चिडवायचास ती. वर्गात उठून “माझी हरकत आहे” म्हणायची, त्यावरून नाव पडलं. माझं कॉलेज सुटलं ते तिच्यापायी, हे मी तुला कधी धड सांगितलं नाही. सर ‘प्रजेची कर्तव्यं’ उतरवून देत होते. ती उठली आणि म्हणाली, “सर, राजाची कर्तव्यं पुढच्या तासाला का?” सरांनी तिला वर्गाबाहेर काढलं. मी बाक आडवा केला आणि तिच्यामागून बाहेर पडलो, मोठ्या रुबाबात. दुसऱ्या दिवशी ती गपचूप जाऊन आपल्या जागेवर बसली. मी अजून बाहेरच आहे. हस. ती पण हसते. तिच्या हसण्यासाठी मी आणखी दोन कॉलेजं सोडली असती.

तर उस्तादांना नेलं त्या दुपारी ती आली. मी अंगणात दगड निवडत होतो, हातात बसतील असे. तिने पाहिलं.

“माझी हरकत आहे.”

“मला वाटलंच.”

“काय करणार आहेस यांचं?”

“चूल मांडतोय. दिसत नाही?”

“एक दगड मारलास तर त्यांना लाठ्यांसाठी कारण मिळेल.”

“कारण नसताना मारत नाहीत वाटतं?”

“मारतात,” ती म्हणाली. “पण मग मारणाऱ्याला घरी जाऊन बायकोला सांगायला काही उरत नाही. ते मला हवंय.”

मी भडकलो. म्हटलं, तुझ्या पुस्तकात बंड करायला तरी परवानगी आहे का, की तिथेही नुसती हरकतच? तर ती त्या दगडांवरच बसली आणि बोलायला लागली. म्हणाली, “मी रहदारीचा लाल दिवा पाळणार. कर भरणार. चोराला पकडून देणार. थोरले आवडत नाहीत म्हणून काही मी सगळंच मोडणार नाही. पण माणसांनी कुणाला तरी डोक्यावर बसवलं ते पाव नीट भाजले जावेत, रांगेत मारामारी होऊ नये म्हणून. आता पाव जळू देऊन त्याला डोक्यावर ठेवायचं असेल, तर सौदा त्यानेच मोडलाय. बंड त्याने केलंय. आपण फक्त भट्टीकडे चालत जायचं.”

“आणि पुरे झालं हे कोण ठरवणार?” मी तुझाच प्रश्न विचारला, तुझं नाव न घेता.

“मी एकटी नाही ठरवणार. तूही नाही. रांगेला विचारू.”

आणि तिने खरंच विचारलं. दारोदार जाऊन. दूधवाल्याला, शिवणवाल्या बाईंना, रांगेतल्या प्रत्येकीला. काहींनी तोंडावर दार लावलं. शिवणवाल्या बाई म्हणाल्या, “बंडबिंड मला कळत नाही गं. पण चालायचं असेल तर येते, गुडघे तेवढे सांभाळून घ्या.”

परवा सकाळी भोंगा वाजला आणि आम्ही विझलेल्या भट्टीकडे चालायला लागलो. घोषणा नाही, फलक नाही, फक्त चालणं. वरून कर्णा पदव्या ओकत होता आणि खाली चपला वाजत होत्या. पुकारा चालू असताना मी आयुष्यात पहिल्यांदा पावलांचा आवाज ऐकला. ती पुढे होती, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. माझे खिसे रिकामे होते, कारण दगड तिने आदल्या दिवशीच विहिरीत टाकले होते.

गल्लीच्या तोंडाशी तुम्ही होता. शिरस्त्राणं, काळ्या काचा, हातात लाठ्या. अधिकारी ओरडला, “थांबा!” ती चालता चालता म्हणाली, “पाव आणायला चाललोय.”

इथवर लिहून मी उठलो होतो, खाली जाऊन नळाखाली डोकं धरून आलो. आता लिहितो.

सगळ्या रांगेत लाठ्या उजव्या हातात होत्या. एकच डाव्या हातात होती. आणि ती उचलण्याआधी त्या माणसाने खांदा झटकला, जसा लाकडं फोडताना झटकायचास. तसंच फोडायला तू मला शिकवलंस आणि मला जमलं नाही, कारण मी उजवा. लाठी तिच्या गळ्याजवळच्या हाडावर बसली. ती ओरडली नाही, खाली बसली. मी तिच्याकडे धावलो आणि काचेमागची तुझी मान माझ्याकडे वळली आणि लगेच दुसरीकडे वळली.

तू मला ओळखलंस, दादा. मला माहीत आहे. तिला तू ओळखत नव्हतास. या महिन्यात तिला घरी आणून तुझ्यासमोर उभी करणार होतो. झाली ओळख.

हाड दोन जागी मोडलंय. दवाखान्यात तिचा उजवा हात गळ्यात बांधला, तेव्हा डावा माझ्या हातात होता. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते असं मिळालं. मग तिने विचारलं, “चेहरा दिसला का रे त्याचा?”

मी म्हणालो, “नाही. काच काळी होती.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “ओळखला असतास तर तू काहीतरी वेडंवाकडं केलं असतंस.”

मी तिच्याशी खोटं बोललो. तुझ्यासाठी. ज्या बाईने मला दगडांवर बसून खरं काय ते सांगितलं, तिच्याशी! या रागाने मला जेवण जात नाही. तुझा राग आहेच. तो इतका आहे की परवा तू हातात सापडला असतास तर तुझ्या गळ्याचं हाड... जाऊ दे. पण त्याहून मोठा राग याचा आहे की त्या क्षणी मी तुझ्या बाजूने उभा राहिलो. थोरले हेच करतात. आपल्या घरातल्या माणसाच्या हाती लाठी देतात आणि मग आपण आपल्या माणसाला लपवत बसतो. त्यांचे स्वतःचे हात दोनच आहेत, दादा, आणि तेही म्हातारे. एक पाव भट्टीतून काढता येणार नाही त्यांना. बाकीचे सगळे हात तुझे आहेत.

शपथ घेतलीय म्हणशील. घेतलीस. सरहद्द राखायची घेतलीस, आईनेच तुला दारातून निरोप दिला होता. तेव्हा पावाच्या रांगेतल्या बायका सरहद्दीपलीकडे होत्या का? प्रजेने राजावर उठावं का, हे तू मला गच्चीवर विचारत होतास, जणू तू कुणी तिसराच. अरे, तूसुद्धा प्रजाच आहेस. पगारी प्रजा. हा प्रश्न माझ्याआधी तुझ्या हातापाशी येतो.

आता नीट ऐक. उद्या आम्ही पुन्हा चालणार. ती येणारच आहे, हात गळ्यात अडकवून. मी तिच्या शेजारी असेन. आज तिने माझे खिसे दोनदा उलटे करून पाहिले आणि तिसऱ्यांदा नुसतंच माझ्याकडे पाहिलं. मी कबूल केलंय की हात उचलणार नाही. तू समोर असलास तरी उचलणार नाही. हे मला किती जड जातंय ते तुलाच कळेल, दुसऱ्या कुणाला नाही.

हे पत्र परटाकडे दिलं की मी तिच्याकडे जाणार आणि खरं सांगणार, हात कुणाचा होता ते. ती मला दारातून हाकलेल कदाचित. आईला मात्र मी काही सांगणार नाही. ते काम तुझं.

आजारी पडून सुट्टी काढू नकोस. तसली पळवाट मला नको. तुझ्या जागी दुसरा येईल आणि तो मारेल. रांगेत ये. मी तुला शोधून काढीन, तू काच लावलीस तरी. आणि हुकूम सुटेल तेव्हा हात खाली ठेव. ओरडू नकोस, लाठी फेकू नकोस, आमच्यात येऊ नकोस. फक्त हात उचलू नकोस. ते तुझं काय करतील हे मला माहीत आहे, आणि तरीही मागतोय. बघ, किती निर्दयी झालोय मी.

उद्याचा पुकारा संपेपर्यंत तरी तुझाच,

धाकटा