जशीच्या तशी

६ जानेवारी, मंगळवार

परत तोच आवाज. टक् – टक् – जरा थांबून टक्. आधी वाटलं छपाईचं यंत्र. ते बंद केलं तरी चालूच. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातून! दुरुस्तीला येणाऱ्या रक्षितनं डबा उघडला, कान लावला आणि म्हणाला, हार्ड डिस्क जायला आलीय. किती दिवस? आज, उद्या, महिना – सांगता येत नाही.

आमच्या ब्रेल छापखान्यात कॉम्प्युटर हा एकच. त्यात अप्पांचा प्रोग्राम. आपण कन्नड मजकूर टाइप करायचा, प्रोग्राम त्याचे ब्रेल ठिपके करतो, यंत्र ते जाड कागदावर उठवतं. अप्पांनी, माझ्या वडिलांनी, निवृत्तीनंतर शिकून लिहिला. साठी उलटलेली तेव्हा. अकरा वर्षं मी त्याच्यावर पुस्तकं काढतेय आणि डिस्कची एक प्रत करून ठेवावी हे सुचलं नाही. काय म्हणावं मला!

अप्पांना सांगायचं नाही. नोव्हेंबरात स्टेंट घातलाय.

७ जानेवारी

अप्पांनी जेवताना नेहमीसारखं विचारलं, यंत्र बरं आहे ना. बरं आहे म्हटलं.

८ जानेवारी, गुरुवार

रक्षितनं अप्पांच्या प्रोग्रामची फाइल तेवढी आपल्या लॅपटॉपवर नेऊन पाहिली. उघडतच नाही. नव्या विंडोजला तो ओळखूच येत नाही. जुनं विंडोज, यंत्राची जोडणी, अप्पांनी बसवलेल्या बारीकसारीक गोष्टी – सगळं एकमेकांत गुंतलंय. सुटं काढता येत नाही. म्हणजे अख्खी डिस्क, विंडोजसकट, जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवायची. जमेल का? "जुनी डिस्क तेवढा वेळ टिकली तर," म्हणाला.

छापखाना चालवणाऱ्या ट्रस्टचे सेक्रेटरी सुधींद्र म्हणाले, कशाला एवढा त्रास, बेंगळुरूला छापून घेऊ. पण तिथं दोन महिने नंबर लागत नाही. दहावीची परीक्षा मार्चमध्ये. हॉस्टेलमधल्या नऊ अंध मुलांना समाजविज्ञानाचं पुस्तक हवंय, आणि माझी पानं टाइप करून तयार आहेत – त्याच डिस्कवर!

सोमवारपर्यंत वेळ मागून घेतला.

९ जानेवारी

रक्षितनं नवी कोरी डिस्क आणून जोडली आणि पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर दोन डिस्का, एकाखाली एक, नावं जवळजवळ सारखी. इकडून तिकडे ऐवजी तिकडून इकडे झालं, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरेल. सगळं पुसलं जाईल. मी जुन्या डिस्कवरचा नंबर आधीच कागदावर लिहून घेतला होता. तीनदा ताडून पाहिला. रक्षित थोडा वैतागला. वैतागू दे. बटण मात्र त्यालाच दाबायला लावलं.

एकाहत्तर टक्के झाले आणि सगळं थांबलं. पडद्यावर लिहून आलं, वाचता येत नाही. आतून नुसतं टक् टक्.

डिस्क काढून थंड व्हायला ठेवली.

१० जानेवारी, शनिवार

दुसरा प्रयत्न. या वेळी खराब जागा सोडून पुढं जायचं. मी विचारलं, सोडलेल्या जागेत काय होतं ते कळेल? नाही, म्हणाला. कदाचित काहीच नसेल. कदाचित प्रोग्रामचाच तुकडा असेल.

सकाळी नऊ ते दुपारी चार. शंभर टक्के. सोडलेल्या जागा – सेहेचाळीस.

सेहेचाळीस!

११ जानेवारी

रविवार असून रक्षित आला. जुनी डिस्क काढली, नवी लावली, चालू केलं. काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी एक पांढरी रेघ. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पुढं काही नाही.

घरी आले. अप्पा बाल्कनीत ऊन खात होते. कुठं गेली होतीस सुट्टीच्या दिवशी? बाजारात, म्हटलं. हातात पिशवीसुद्धा नव्हती. त्यांनी ते पाहिलं.

१२ जानेवारी, सोमवार

चालू झालं! सुरुवात कुठून करायची ती खूण नव्या डिस्कवर नीट उतरली नव्हती. रक्षितनं विंडोजच्या जुन्या सीडीनं ती बसवली. मग तोच निळा पडदा, अप्पांनी ठेवलेला बृंदावन बागेचा फोटो, त्यांचा प्रोग्राम. यंत्रानं पहिलं पान काढलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

दिवसभर छापलं. पण त्या सेहेचाळीस जागा मनातून जात नाहीत. मला ठिपके ओळखू येतात, भरभर वाचता येत नाहीत. आजवर ठिपके स्पष्ट उठलेत ना, पानं क्रमानं आहेत ना, एवढंच बघायची. या वेळी तेवढ्यावर सोडवत नाही.

१३ जानेवारी

दहावीच्या पावनीला बोलावून घेतलं. जन्मापासून दिसत नाही, वाचते मात्र फार झरझर. तिला बजावलं, बोटांना लागतं तेच वाच. मनानं काही दुरुस्त करू नकोस.

वाचत गेली. सगळं बरोबर. चौथ्या पानावर 'हळ्ळी'च्या जागी वाचलं 'हल्ली'. कन्नडमध्ये हळ्ळी म्हणजे खेडं, हल्ली म्हणजे पाल! पुन्हा वाचायला लावलं. हल्लीच. पुढं 'बेळ्ळी', चांदी, तिथंही तेच. ळ्ळ आला की ल्ल छापलं जातंय. कुठल्या अक्षराला कुठले ठिपके, तो प्रोग्राममधला तक्ताच मोडला. सोडलेल्या जागांत तोच गेला असणार.

तिच्या हातातून पानं जवळजवळ ओढून घेतली. तिला हॉस्टेलवर पाठवलं. नऊ प्रती, सगळ्या चुकीच्या. तो तक्ता कसा बदलायचा ते एका अप्पांनाच ठाऊक. सुधींद्रना फोन करून सगळं कबूल केलं. ते म्हणाले, संक्रांत झाली की ठरवू. आवाजात राग नव्हता, त्यानंच जास्त लागलं.

१४ जानेवारी, बुधवार

पावनी सणाला गावी, हुणसूरच्या बसला जायच्या आधी छापखान्यात आली. काल मी पानं ओढली म्हणून. माझं काही चुकलं का वनजाक्का, असं विचारत होती. मी चूक कुठली ते सांगितलं. ती म्हणाली, "ते नेहमीच तसं असतं. आम्ही मनात नीट करून घेतो."

कपाटातून अकरा वर्षांपूर्वीचं पुस्तक काढलं, माझं पहिलं. तिनं बोट ठेवलं. हल्ली. आठ वर्षांपूर्वीचं काढलं. हल्ली. डिस्क जशीच्या तशीच उतरली होती, चूक अप्पांच्या तक्त्यात पहिल्यापासूनची! का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणाली, कुणी विचारलं नाही.

घरी येऊन अप्पांना सगळं सांगितलं. टक् टक् पासून. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या मुलीला विचार, ही मुलं मनात आणखी काय काय नीट करून घेतात."